आखूड हात

लढाऊ विमानाच्या कॉकपिटचा आराखडा करणारी इंजिनिअर त्या दिवशी पुरती वैतागली होती. प्लायवूडचा नमुना उभा राहून तीन आठवडे झाले होते. रोज वैमानिक येत, आत बसून बटणं दाबत आणि "छान आहे" म्हणून चालते होत. शेजारी त्यांचे प्रमुख हाताची घडी घालून उभे. त्यांच्यासमोर ब्र काढायची कुणाची छाती होती?

शेवटी तिने प्रमुखांना गोड बोलून चहाला पिटाळलं. आत तेव्हा एक ठेंगणी वैमानिक होती. सगळे तिला चिमणी म्हणत.

"उतर जरा," म्हणत उंचीने तिच्याएवढीच असलेली इंजिनिअर स्वतःच आत शिरली. खांद्यांचे पट्टे करकचून आवळले आणि इंधनाच्या खटक्याकडे हात लांबवला. पोचेच ना!

"कुठल्या शहाण्याने बसवलाय हा इथे?"

"तुम्हीच, ताई. जुन्या विमानातही तिथेच आहे," चिमणी खुदकन हसली.

"मग तू काय करतेस?"

तिचं हसू मावळलं. "पट्टा सैल करते. क्षणभरच."

इंजिनिअरने आवळलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. नेमकी त्याच क्षणी संकटात आसनासकट विमानातून बाहेर फेकलं जायची वेळ आली, तर सैल पट्ट्याने पाठीचा कणा मोडायचा.

"अगं, बोलली का नाहीस?"

"हात आखूड आहेत, उडू नकोस, असं म्हणाले असते ना."

"कोण म्हणालं असतं?" दारातून आवाज आला. प्रमुख कप घेऊन उभे होते.

"तुम्हीच, सर," चिमणी म्हणाली.

ते आत आले. मग म्हणाले, "हो, म्हणालो असतो. चूक माझी." कप टेबलावर ठेवून ते इंजिनिअरकडे वळले. "लिहून घ्या, बाई. माझा गुडघा समोरच्या फलकाखालच्या लोखंडी पट्टीवर आपटतो. जुन्या विमानात गेली दहा वर्षं हेच. मीही कुणाला बोललो नाही."

दुसऱ्या दिवसापासून इंजिनिअरने एकेकाला एकटं बसवलं, पट्टे आवळून आणि हातमोजे घालून. बांध फुटावा तशा तक्रारी आल्या. खटका अलीकडे घेतला, तर उंच वैमानिकांचं कोपर त्याला लागू लागलं. वाद झाले, आवाज चढले आणि प्लायवूड सहा वेळा कापावं लागलं.

सातव्या वेळी चिमणीने न बघता हात नेला आणि खटका दाबला.

"पोचतोय," ती म्हणाली, "पण जाम कडक आहे हो!"

इंजिनिअरने हसून पेन्सिल उचलली. "सांग, किती कडक?"