वीस टक्क्यांची शंका

सातपूरच्या त्या घरात दोन जावा एकाच भरतीच्या परीक्षेला बसणार होत्या. थोरली प्रतिभा बी.एस्सी., लग्नाआधी गणिताच्या शिकवण्या घेतलेली. धाकटी तेजस्विनी नांदगावकडची, कॉलेज अर्धवट सोडून नंतर बाहेरून बी.ए. झालेली. तिला गणित आपणच शिकवायचं, हे प्रतिभाने मनाशी धरलं होतं.

एका संध्याकाळी सासऱ्यांनी पुस्तकातलं उदाहरण वाचलं, "चाळीस लिटर द्रावणात पंचवीस टक्के औषध. किती पाणी घातलं तर औषध वीस टक्के होईल?"

प्रतिभा समीकरण मांडत होती, तोवर तेजस्विनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "दहा लिटर. औषध दहाच राहतं ना? ते पाचवा हिस्सा व्हायला एकूण पन्नास पाहिजे. आमच्याकडं फवारणीचा पंप मीच भरायचे."

"वा!" सासरे म्हणाले. आजवर प्रतिभाला त्यांनी कधी 'वा' म्हटलं नव्हतं. तिचं पेन कागदावर तसंच थांबलं. 

दोन दिवसांनी तेजस्विनी वही घेऊन आली. "ताई, किंमत वीस टक्के वाढली, मग वीस टक्के उतरली. किती फरक पडला?"

"काहीच नाही. वीस वाढले, वीस गेले," प्रतिभा वर न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा ओट्याशी असताना तेजस्विनी पुन्हा आली. "ताई, मी शंभर धरून केलं. एकशे वीस झाले, त्याचे वीस टक्के चोवीस. शहाण्णव उरतात. तुम्ही घाईत सांगितलं असंल. पेपरात तुमचा मार्क जायला नको, म्हणून आले."

 प्रतिभाने 'हो, घाईतच' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मुद्दाम चुकीचं सांगितलं."

तेजस्विनीने वही मिटली. "मग आता मी शंका कोणाला विचारू?" एवढंच बोलून ती निघून गेली.

आठवडाभर तिने वही आणली नाही. शेवटी प्रतिभाच तिच्या खोलीत गेली. हेवा अजून गेला नव्हता, पण हातात वही होती.

"दोन मिश्रणं एकत्र करायची उदाहरणं तू तोंडी कशी करतेस? मला दाखव."

 तेजस्विनीने सतरंजीवर पसरलेली पुस्तकं एका बाजूला सारली.

"बसा," ती म्हणाली. "पण समीकरण नाय मांडायचं."