फुटक्या चेंडूची कबुली

मी पिकलबॉलचा, म्हणजे जाळीवरून बॅटीने खेळायच्या खेळाचा, चेंडू बोलतोय. पिवळा, प्लास्टिकचा, अंगभर भोकं असलेला. बोलायला मला फार उशीर झाला आहे.

साच्यातून माझे दोन अर्धे भाग निघाले आणि तापवून एकमेकांना जोडले गेले. तो सांधा म्हणजे माझा जन्म आणि माझी दुखरी जागाही. तिथून मी एका बंदिस्त क्रीडागृहात आलो. पूर्वी ते गोदाम असावं. वर पत्रा, त्यामुळे आवाज असा घुमतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं.

एका संध्याकाळी एका दांडगट खेळाडूने मला असं हाणलं की सांध्यापाशी केसाएवढी चीर गेली. फुटक्या चेंडूचा आवाज बद्द येतो. तो ऐकला की खेळाडू थांबतात, चेंडू दाबून बघतात आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतात. त्या गोंगाटात माझा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. मला आनंद झाला, हे कबूल करतो. चेंडूंच्या टोपलीच्या तळाशी, चीर खाली करून, मी गुपचूप पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी नवशिक्यांचा वर्ग होता. कोचबाईंनी टोपली उपडी केली. "एकेक चेंडू उचला. आज फक्त सर्व्हिस. कमरेखालून, हळू. हसायचं असेल तर मला हसा, एकमेकांना नको."

मला उचललं गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी. त्यांची बायको वर्षभर इथे खेळत होती. रविवारी जोड्यांचा सामना होता आणि तिला जोडीला नवराच हवा होता.

"अहो, कोपर सैल सोडा. फळ्यावर लिहिताय का?"

"फळा निदान जागचा हलत नाही."

पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीही. हात बरा होता त्यांचा. पण फटका बसला की माझी चीर उघडायची आणि मी डगमगत खाली यायचो. असं चौदा वेळा. दर वेळी ते गुडघ्यावर हात टेकून मला उचलायचे आणि "माफ करा" म्हणायचे. कुणाला, देव जाणे. चेंडू बदलून बघावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. काही माणसं चूक शोधायला आधी स्वतःकडेच जातात, आणि ती त्यांना तिथे सापडतेच.

"तू दुसरा जोडीदार बघ," ते बायकोला म्हणाले. "माझ्याने नाही व्हायचं."

"एका तासात ठरवलंत?"

"माझ्यापायी तुझी फजिती नको."

ते पुन्हा आले नाहीत. तो रविवार गेला, पुढचाही गेला. त्यांच्या पत्नी एकट्याच यायच्या आणि बराच वेळ बाकावर बसून राहायच्या. मी टोपलीच्या जाळीतून बघायचो आणि गप्प राहायचो.

मग एकदा आवराआवर करताना कोचबाईंनी मला दाबलं. "अगं बाई, हा फुटलाय की! सरांना हाच गेला होता का?"

"द्या इकडे," सरांच्या पत्नी म्हणाल्या. "घरी एकाला दाखवायचाय."

तेव्हापासून मी सरांच्या टेबलावर आहे. ते मला अंगठ्याने दाबतात, चीर उघडते, मिटते.

"चेंडू फुटका होता, मान्य. पण चौदाच्या चौदा काही त्याच्यामुळे गेल्या नसतील."

"मग किती गेल्या? काढा उत्तर, एवढं गणित शिकवलंत!"

सर मला पुन्हा दाबून बघतात. खरं तर मलाही ठाऊक नाही. एखाददुसरी त्यांचीही असेल. पण माणसांना ऐकू जाईल अशी वाचा मला असती तर मी सांगितलं असतं, सगळ्या माझ्याच. जीव वाचवायला मी खोटेपणा केलाच होता. त्यांच्यासाठीही एकदा केला असता.

आज पुन्हा रविवार. बाई दोन बॅटी घेऊन दारात उभ्या आहेत.

"अहो, पाच मिनिटं थांबते. मग मी निघाले."

सर अजून मलाच दाबून बघताहेत. सर, पुरे झालं. मला टाका त्या डब्यात आणि हात मोकळा करा.