समोरूनच दिसणारा पडदा

नवा लॅपटॉप एका हातात पाटीसारखा धरता येतो, एवढ्याच कारणावरून सोनियानं तो पसंत केला. करमाडहून रोज बसनं शहरात लॉ कॉलेजला यायचं, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि कायद्याची जाडजूड पुस्तकं. आधी ती भाऊ सुदर्शनचा लॅपटॉप आणायची. गेम खेळायला घेतलेला. वजनाला वरवंटा, आणि पंखा असा घोंघावायचा की शिकवणारे सर मधेच थांबून छताकडं बघायचे. वर बॅटरी तासाभरात मान टाकायची आणि वर्गातला चालू प्लग एकच, तोही पार खिडकीपाशी.

सुदर्शन शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. त्यानं नवा लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय आणलंस? सगळं आतून चिकटवलेलं हाय. मेमरी वाढवता येत नाय, जागा वाढवता येत नाय. दोन कामं एकदम दिली की दम लागंल याला.”

“मला एकच काम करायचंय,” सोनिया म्हणाली. “टायपिंग.”

“त्यासाठी एवढा खटाटोप?”

“व्हय.”

खटाटोप मृण्मयीसाठी होता. मृण्मयी तिची वर्गमैत्रीण. बारावीत असताना मेंदूज्वर झाला, त्यातून ती उठली, पण ऐकू येणं कायमचं गेलं. यंत्रं लावून पाहिली, उपयोग झाला नाही. बोलणं मात्र स्वच्छ, खणखणीत राहिलं. समोरच्याच्या ओठांवरून तिला अर्धंमुर्धं कळायचं. पण फळ्याकडं तोंड करून बोलणाऱ्या सरांचे ओठ कुठून दिसणार? मोबाइलवर बोललेलं लिहून देणारं ॲप होतं, पण मराठीत सुरू होऊन इंग्रजीत संपणारी सरांची वाक्यं त्याच्या डोक्यावरून जायची. पहिल्या वर्षी एकदा मृण्मयी वहीत नुसत्या रेघोट्या ओढताना सोनियाला दिसली. बारावीनंतर सोनियानं टायपिंगची परीक्षा दिली होती, हात चांगला चालायचा. दुसऱ्या दिवसापासून ती मृण्मयीशेजारी बसून सरांचा शब्दन्‌शब्द टाइप करू लागली.

नव्या लॅपटॉपला पंखाच नव्हता, त्यामुळं आवाज नव्हता. बॅटरी कॉलेज सुटेपर्यंत टिकायची. पहिल्या दिवशी सोनिया खुशीत होती. तास संपल्यावर तिनं विचारलं, “कसं वाटलं?”

“मला काहीच नीट दिसलं नाही,” मृण्मयी म्हणाली.

सोनियानं जागा बदलून पाहिलं. खरंच होतं. स्वस्तातला पडदा, समोरून बघितलं तर अक्षरं काळीभोर, बाजूला सरकलं की सगळं राखेच्या पाण्यागत फिकट. टाइप करणाऱ्याला उत्तम दिसायचं आणि जिच्यासाठी टाइप करायचं तिलाच नाही. सोनियाचा चेहरा पडला. दुकानात ती एकटीच गेली होती, समोर उभी राहून बघितलं होतं.

“बदलून देतील?” मृण्मयीनं विचारलं.

“उघडलेला माल परत घेत नाहीत.”

मृण्मयीनं थोडा विचार केला, आपली पुस्तकं उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली, बरोबर सोनियाच्या मागं. “आता मान डावीकडं घे. अजून थोडी. बस्स! आता दिसतंय.” तेव्हापासून सोनिया मान तिरकी ठेवून टाइप करायची आणि मृण्मयी तिच्या खांद्यावरून वाचायची. मान दुखायची, पण तास चुकत नव्हता.

तिसऱ्या वर्षी शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा निघाली. खोटा खटला, पण बाजू खऱ्या कोर्टासारखी मांडायची, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतला माणूस मधेच प्रश्न विचारणार. संघात तिघं: बोलणारे दोघं आणि कागदपत्रं सांभाळणारा एक. श्रीनिवास सरांनी मृण्मयी, वर्गातला सुयश आणि सोनिया यांची नावं घेतली. सुयशला वाटलं, मृण्मयी कागदपत्रं सांभाळेल.

“मी बोलणार आहे,” मृण्मयी म्हणाली.

सुयश तिच्याकडं तोंड करून सावकाश बोलला, “तू बोलशील गं छान. पण प्रश्न? न्यायाधीश काही तुझ्या सोयीनं बोलणार नाहीत. उत्तर चुकलं तर संघ जाईल.”

“मग चुकणार नाही अशी तयारी करू.”

अडचण होती ती उभं राहण्याची. बोलणाऱ्यानं पुढं लाकडी पोडियमपाशी उभं राहायचं, तिथं दुसऱ्या कुणाला परवानगी नाही. म्हणजे लॅपटॉप मृण्मयीच्या समोर आणि सोनिया लांब टेबलाशी. सोनियानं सुदर्शनकडून जुना कीबोर्ड आणि लांब वायर मागून घेतली. लॅपटॉपला वायर जोडायला जागा एकच होती, तीही त्यातच गेली. पोडियम इतका अरुंद की त्यावर हाच लॅपटॉप बसला असता, सुदर्शनचा खाली आला असता. पण आता सोनियाला पडदा दिसणारच नव्हता. आपण काय टाइप करतोय हे न बघता करायचं.

सराव चिकलठाण्याला मृण्मयीच्या घरी चालायचा, सोनियाच्या वाटेवरच होतं ते. मृण्मयीची आई चारुताकाकू न्यायाधीश व्हायच्या. त्या सोफ्यावर बसून खटल्यातले प्रश्न भराभर विचारायच्या, कधी मुद्दाम पुटपुटायच्या, कधी खोकायच्या. जुन्या कीबोर्डचा खडखडाट फार, म्हणून सोनियानं तो मांडीवर टॉवेलाच्या घडीवर ठेवला.

पहिले काही दिवस नुसती फजिती. खटला होता कारखान्याच्या सांडपाण्यानं नासलेल्या गावविहिरीचा. विहिरीतलं एक अक्षर सुटलं आणि मृण्मयीनं गंभीर आवाजात वाचलं, “कंपनीने गावची वीर दूषित केली, हे कशावरून?” काकू पोट धरून हसल्या. सोनियाला मात्र रडू यायचं बाकी राहिलं. बोट चुकल्याचं कळलं की तिचा हात आपोआप मागं जाऊन खोडायला लागायचा, आणि तोवर काकूंचं पुढचं वाक्य निघून जायचं.

“तू खोडू नकोस,” मृण्मयी म्हणाली. “चुकलेलं मी समजून घेईन. राहून गेलेलं कसं समजणार?”

ते सोनियानं पक्कं धरलं. चूक झाली तरी मागं फिरायचं नाही. हळूहळू बोटं बसली. ती काकूंच्या तोंडाकडं बघायची आणि हात आपलं काम करायचे. खूणही ठरली: पडद्यावर काही बिघडलं तर मृण्मयीनं डावा तळवा पोडियमवर सपाट ठेवायचा.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला होता. परवानगीचा अर्ज सरांनी आधीच मंजूर करून घेतला होता, तरी एक संयोजक वायरीकडं संशयानं बघून गेले. न्यायाधीशाच्या खुर्चीत एक निवृत्त न्यायमूर्ती होते, भरघोस मिशांचे. सोनियानं टॉवेलावरचा कीबोर्ड जवळ ओढून घेतला. या माणसाचे ओठ दिसणारच नव्हते.

मृण्मयी उभी राहिली. पहिला मुद्दा तिनं झकास मांडला. पहिला प्रश्न आला, सोनियाची बोटं धावली, मृण्मयीनं पडद्याकडं नजर टाकून नेमकं उत्तर दिलं. दुसराही गेला. तिसरा प्रश्न लांबलचक होता: विहीर खासगी शेतात आहे, मालक तक्रार करत नाही, मग गावाला दाद मागायचा हक्क कुठून आला? सोनियानं शेवटचा शब्द टाइप केला आणि मान वर केली.

मृण्मयीचा डावा तळवा पोडियमवर सपाट होता.

लॅपटॉप थांबला होता. आत कुठलं तरी अपडेट सुरू झालं असणार. सुदर्शन म्हणाला होता तसा त्याला दम लागला होता. हॉलमध्ये चुळबुळ झाली. सुयशनं डोळे मिटून घेतले.

मृण्मयीनं सरळ न्यायमूर्तींकडं पाहिलं. “माननीय न्यायमूर्ती, मला ऐकू येत नाही. आपला प्रश्न माझ्या पडद्यावर उमटतो, तो या क्षणी उमटलेला नाही. मला प्रश्न टाळायचा नाही. तो येईपर्यंत मी पुढचा मुद्दा मांडते.”

आणि ती बोलू लागली. आवाज जराही हलला नाही.

सोनिया उठली आणि पोडियमपाशी गेली. “मॅडम, जागेवर बसा,” संयोजकांनी दबक्या आवाजात सांगितलं. तिनं वळून पाहिलं नाही. बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला, पुन्हा दाबलं. कंपनीचं चिन्ह उजळलं आणि तसंच राहिलं. शेजारी मृण्मयी पाण्याच्या तपासणीचे अहवाल सांगत होती, आणि सोनिया त्या चिन्हाकडं टक लावून उभी होती. न्यायमूर्तींनी संयोजकांना हातानंच थांबवलं. एकदाचा पडदा उघडला. सोनियानं लिहायची कोरी खिडकी लावली, परत येऊन टॉवेलावर कीबोर्ड घेतला आणि तो अख्खा प्रश्न आठवून टाइप केला.

मृण्मयीनं मुद्दा संपवला, पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, “आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. विहीर एकाची असेल, पण तिच्यातला झरा एकाच्या बांधावर थांबत नाही.” मग तिनं एकामागून एक आधार दिले.

ते हरले, थोडक्यात. निकालानंतर न्यायमूर्तींनी तिघांना जवळ बोलावलं. सोनियानं उभ्याउभ्याच लॅपटॉप मृण्मयीसमोर धरून त्यांचं बोलणं एका हातानं टाइप केलं. “तुमचं उत्तर दुसऱ्या मुद्द्यानंतर आलं. त्यामुळं मांडणीची साखळी तुटली. गुण तिथं कापले. यंत्र बंद पडलं म्हणून मी सवलत दिली नाही.”

“देऊही नये,” मृण्मयी म्हणाली. “पुढच्या वेळी साखळी तुटणार नाही.”

ते मिशीतल्या मिशीत काहीतरी बोलले. सोनियानं टाइप केलं: ‘वाट बघतो.’

बाहेर चहाच्या गाडीपाशी सुयशनं तिघांचा चहा सांगितला. मग मृण्मयीच्या समोर येऊन म्हणाला, “मी चुकीचं बोललो होतो. पुढच्या वेळी माझा लॅपटॉप घेऊ. भारी आहे, अडकणार नाही.”

“वजन किती?” सोनियानं विचारलं.

त्यानं हातानं दाखवलं.

“पोडियमवर नाही बसायचा. हाच नेऊ. याचं काय करायचं ते मी बघते.”

रविवारी सुदर्शन अंगणात बाजेवर तो लॅपटॉप घेऊन बसला. नको असलेलं एकेक काढून टाकलं, आपोआप सुरू होणारं सगळं बंद केलं. “आता यात लिहायचं सोडून काय बी होत नाय,” तो म्हणाला. “ती पुढची नागपूरची स्पर्धा कधी हाय?”

“पुढच्या महिन्यात. दादा, एक काम कर. काहीतरी बोल. भराभर बोल.”

“काय बोलू?”

“काय बी. मशीनचं सांग.” सोनियानं टॉवेलाच्या घडीवर जुना कीबोर्ड मांडीवर घेतला, लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला आणि बोटं त्यावर ठेवली.