सलूनवाल्याचे केस

सलूनवाला दवाखान्यात शिरला तो हातात रिपोर्ट घेऊन आणि मनात निकाल लावूनच. मागोमाग बायको आली. तिने खुर्ची ओढून घेतली, तो मात्र उभाच राहिला. डोक्यावर टोपी, पार कानांपर्यंत ओढलेली.

"थायरॉइड वाढलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तपासणी शिबिरात सांगितलं, डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या. तेवढी द्या, गिऱ्हाईक खुर्चीत बसवून आलोय."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. आकड्यांत शंकेला जागा नव्हती. गळ्यातली ग्रंथी चौखूर उधळलेली. अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती: बोटं थरथरतात, छाती धडधडते, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, एका जागी बसवत नाही. त्यांनी पेन उचललं, दुसऱ्या हाताने सवयीने त्याचं मनगट धरलं, आणि पेन परत खाली ठेवलं.

हात गार होता. कातडी कोरडी, खरखरीत. आणि नाडी जेवणानंतर फेरफटका मारायला निघालेल्या माणसासारखी निवांत चाललेली.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक थांबेल. वजन उतरलंय का?"

"उतरतंय कसलं," बायकोने तोंड उघडलं. "शर्टाची बटणं लागत नाहीत यांची. आणि झोप म्हणाल तर, दाढी करता करता हे डुलक्या घेतात. दाढी गिऱ्हाइकाची, वस्तरा यांच्या हातात."

"गरम होतं फार?"

"सगळे पंख्याखाली बसतात, हे स्वेटर शोधतात."

डॉक्टरीणबाईंनी कान टवकारले. कागद एक सांगत होता आणि माणूस दुसरंच. त्यांनी त्याला खुर्चीवर गुडघे टेकायला लावलं आणि टाचेच्या वर, शिरेवर हातोडीने हलकेच ठोकलं. पाऊल उडालं. पण जागेवर परत यायला त्याने इतका वेळ घेतला, की बायकोही वाकून बघायला लागली.

"हे काय लक्षण?" तिने विचारलं.

"आळसाचं. यांच्या नाही, ग्रंथीच्या. दुसरं कुठलं औषध चालू आहे? बीपी, साखर?"

"औषध मी घेत नाही," सलूनवाला ठामपणे म्हणाला. बायको काहीतरी बोलणार होती, पण त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ती पर्सची चेन लावायला लागली.

गोळी काही मिळाली नाही. उधळलेल्या घोड्याला लगाम घालणं ठीक, पण घोडा मुळात बसलेलाच असेल तर? डॉक्टरीणबाईंनी त्याला तूर्त दुकानात परत पाठवलं आणि शिबिराच्या लॅबवाल्याला फोन केला. त्याने तेच रक्त पुन्हा लावून पाहिलं. आकडे जसेच्या तसे.

"मशीन चांगलं आहे, मॅडम," तो जरा दुखावूनच म्हणाला.

मशीन चांगलं, माणूस खरा, तरी दोघांचं जुळत नाही. दुपारचा डबा तसाच राहिला. बाई जुनी पुस्तकं आणि नवे लेख चाळत बसल्या. अखेर एका लेखात पाहिजे ते सापडलं. बायोटिन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, अंगाला निरुपद्रवी. पण ते भरपूर घेतलं, तर काही मशीनांच्या थायरॉइड तपासणीत घोळ होतो आणि आकडे उलटेच दाखवले जातात. ते असतं कशात? केसांच्या गोळ्यांत. बाईंच्या डोळ्यांसमोर ती कानांपर्यंत ओढलेली टोपी आली.

संध्याकाळी घरी जाताना त्या सलूनमध्येच शिरल्या. तो एकाच्या मानेवर पावडर मारत होता.

"केसांसाठी काही घेता का?" त्यांनी हळूच विचारलं.

त्याने आधी आरशातून गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग बाईंना मागच्या खोलीत नेलं. पडदा ओढला, टोपी काढली. मधे चांगली मोकळी जागा झाली होती, आणि भुवयांची टोकंही विरळ.

"माझंच डोकं असं," तो म्हणाला. "कोण बसणार माझ्या खुर्चीत?" फळीवरून त्याने एक डबी काढली. "पण हे औषध नाही हो. केसांची गोळी आहे. जरा जास्तच घेतो, लवकर यावेत म्हणून."

बाईंनी डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांना हसू फुटलं, अगदी मनापासून. "आठवडाभर बंद ठेवा. मग पुन्हा रक्त द्या."

नव्या रिपोर्टने पार कोलांटी मारली. ग्रंथी उधळली तर नव्हतीच, ती पेंगत होती.

"म्हणजे बघा," बाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "ग्रंथी मंदावली म्हणून केस गळले. केस गळले म्हणून तुम्ही गोळी घेतली. आणि त्या गोळीनेच ग्रंथीचं मंदपण झाकून टाकलं."

सलूनवाल्याने टोपी जरा मागे सारली. "आणि त्या दिवशी तुम्ही मी मागितलेली गोळी दिली असती तर?"

"पेंगणाऱ्याला आणखी अंगाई म्हटल्यासारखं झालं असतं."

आता खरी गोळी सुरू झाली: सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने. या अर्ध्या तासावर त्याने बरीच घासाघीस केली, पण बाई बधल्या नाहीत. काही आठवड्यांनी रक्त पाहून मात्रा थोडी वाढवली. हळूहळू चेहऱ्याची सूज ओसरली, आवाज मोकळा झाला, दुपारची पेंग गेली. केसांनी मात्र मनावर घ्यायला कित्येक महिने लावले, आणि आले तेही सगळे नाहीत.

"उरलेले?" त्याने विचारलं.

"ते वडिलांवर गेलेत. त्याला माझ्याकडे गोळी नाही."

तो हसला. बायको मात्र तक्रार घेऊनच आली होती. "यांना जरा समजवा. कुणी केस गळतात म्हणून तेल मागितलं, की हे म्हणतात, आधी डॉक्टरांना दाखवून या. तेलाच्या बाटल्या तशाच पडून आहेत."

"मग पाठवताय का कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"बाहेर बसलीय एक," सलूनवाला म्हणाला. "शाळेतली बाई. केस तिचेही गळतात, पण तिला सारखी तहानही लागते. मी म्हटलं, हे काहीतरी वेगळंच दिसतंय."

"बोलवा तिला आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवून बसल्या.