पुढल्या सालचे रोट

आबा गोड बोलायला लागले की मी सावध होते. "पोरीच्या जातीला शिकून काय करायचंय?" म्हणत ताट भिरकावणारा, जूनमध्ये माझा मोबाईल काढून घेणारा हा माझा बाप परवा म्हणतो कसा, "भूमिका, नर्सिंगला नंबर लागला ना तुझा? कानबाईचा सण होऊ दे. मंगळवारी कुंदन नेईल तुला धुळ्याला."

प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार! दोनदा सांगितलं होतं मी त्यांना.

आईकडून किल्ली घेऊन पेटी उघडली, तर मार्कशीटची फाईल गायब. किल्ली फक्त आईकडे. म्हणजे तीसुद्धा माझ्या भावाला, कुंदनला आणि आबांना सामील! असा संताप आला, की दोन दिवस तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

रविवारी घरात कानबाई देवी बसली. पंगतीत भिकुबाई काकूने माझ्या ताटात आणखी एक रोट टाकला. "पोटभर खाई ले वं, पुढला साल तुना रोट बंद!" आणि लगेच जीभ चावली.

कानबाईच्या नैवेद्याचे हे रोट आमच्यात फक्त घरचेच खातात. लेक लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली, की तिला ते चालत नाहीत. म्हणजे माझं लग्न ठरलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं. वा रे वा! आईकडे बघितलं, तर ती मान खाली घालून वाढत होती.

सोमवारी सकाळी विसर्जन. कानबाई आईच्या डोक्यावर, पुढे वाजंत्री. नदीची वाट सोनगीरच्या स्टँडवरूनच जाते. धुळ्याची एसटी उभी होती. पण कागदांशिवाय जाऊन करू काय?

आई एसटीच्या दाराशी थांबली. एका हाताने कानबाई सावरत तिने कमरेला खोवलेली फाईल काढली आणि माझ्या हातात कोंबली. "ते फाडणार होते. चढ."

मी चढले. कुंदन धावला, "सुगंधे!" म्हणून आबा आईवर ओरडले. आई वळून दार अडवून खालीच उभी राहिली. डोक्यावर कानबाई असलेल्या बाईला हात कोण लावणार? आबांनी तर सवयीने हातच जोडले.

कंडक्टरने तिच्या पाठीमागून दार ओढून घेतलं, घंटी मारली. आईला त्याच घरात परत जायचं होतं. तरी ती वाजंत्रीच्या वर आवाज काढून ओरडली, "पुढला साल रोट खावाले येजो!"

दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नव्हता मी. धुळ्यापर्यंत रडत गेले.