काळी खिडकी आणि जावईबापू

आमच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या नोंदी आणि एक्स-रे काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. आतल्या खोलीत डॉक्टरांना ते तिथूनच दिसतात. ते आत पोचवणारा सर्व्हर सकाळी मी चालू करते, संध्याकाळी मीच थांबवते. चालू असेपर्यंत विंडोजच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडी राहते. ती बंद केली की सर्व्हर आडवा! म्हणून मी पडद्याच्या कडेला कागद चिकटवला होता: ‘काळ्या खिडकीला हात लावाल तर याद राखा.’ सहा वर्षांत कुणाची टाप नव्हती.

मग डॉक्टरांचे जावईबापू आले. मोठ्या कंपनीत शंभर सर्व्हर सांभाळतात म्हणे. सासऱ्यांचा दवाखाना सुधारायला रजा काढली, आमचं नशीब! आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसले, कागद उपटून टेबलावर टाकला. मी एका आजींना आत नेलं, इंजेक्शन होईपर्यंत त्यांच्याजवळ थांबून बाहेर आले, तोच मागोमाग डॉक्टर धावत आले.

“एक्स-रे गेला कुठे? जबडा बधिर करून ठेवलाय, आता कुठला दात काढू?”

“बाबा, मी कशालाही हात लावला नाही,” जावईबापू म्हणाले. “यांनीच सकाळी नीट चालू केला नसेल.”

“बाई,” डॉक्टर मला म्हणाले, “उद्यापासून कॉम्प्युटर हे बघतील. तुम्ही फक्त फोन घ्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडूही येत होतं, पण त्या माणसासमोर रडते होय मी!

जावईबापूंनी त्यांच्या कंपनीत विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्समधल्या आज्ञा खडाखडा टाइप केल्या. विंडोजने प्रत्येक वेळी तोंडावर सांगितलं, अशी आज्ञा मला माहीत नाही.

“उठा,” मी म्हटलं.

ते उठले. मी सर्व्हर चालू करायच्या माझ्या रोजच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडली, ‘तयार’ अशी ओळ आली, आणि पाठोपाठ आजींचा जबडा पडद्यावर हजर.

जावईबापूंनी घाम पुसायला हात वर केला. कोपराला माझा कागद चिकटला होता, टेपसकट. डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला.

“आमच्याकडे लिनक्सवर खिडकी बंद केली तरी सर्व्हर मागे चालूच असतो,” जावईबापू पुटपुटले.

डॉक्टर जावयाला काय बोलणार, कपाळ! “तुम्ही चहा घ्या,” म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्याकडे सरकवली.