बोटाखालची विमानं

कल्याणीनं वडिलांच्या कामावरच्या नोंदवहीच्या झेरॉक्स सतरंजीवर पसरल्या आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर वाट्या ठेवल्या. समोर अवधूत मांडी घालून बसला होता. विमानतळाच्या नियंत्रण कक्षात तो आठ वर्षं तिच्या वडिलांच्या हाताखाली होता. सकाळी ड्यूटी संपवून थेट हसनाबादला तिच्या घरी आला होता.

दोन विमानं एकमेकांच्या अगदी जवळून गेली, तेव्हा रडारच्या पडद्यासमोर तिचे वडील, वामनराव होते. माणसं वाचली. वामनरावांना घरी बसवलं, आणि चौकशीच्या निकालाआधीच ते वारले. निकाल सोमवारी होता. वहीत रडार बिघडल्याची नोंद सापडली, तरच त्यांच्या नावावरचा ठपका पुसला जाणार होता.

"पडद्यावर ईशान्येला विमानाचा ठिपका मिटायचा, ताई," अवधूत म्हणाला. "रडार जुनं झालंय. मग सर काचेवर बोट ठेवायचे. वेगाच्या अंदाजानं सरकवत न्यायचे. थोड्या वेळानं ठिपका बराबर बोटाखाली उगवायचा."

"घरात चष्मा सापडत न्हाई म्हणून वरडायचे," दारातून तिची आई विमल म्हणाली, "अन् तिथं बोटानं इमानं हाकून राह्यले व्हते?"

"एकदाही चुकले नाहीत, काकू. त्या दिवशी दोन ठिपके एकदम मिटले. दोन्ही एकाच बोटाखाली आले."

कल्याणी पानामागून पान बघत होती. प्रत्येक पानावर वडिलांचं गोलसर अक्षर: रडार नॉर्मल. खाली सही. त्या दिवशीच्या पानावरसुद्धा.

"बिघाडाची नोंद कुठं आहे?"

"नाहीये. बिघाड लिहिला की विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं. सगळी खोळंबतात. वरून फोन येतात. आणि काम तर चालत होतं ना, ताई. म्हणून कुणीच लिहीत नव्हतं."

तिनं वाट्या एकात एक ठेवल्या.

अवधूतनं खिशातून टाइप केलेला कागद काढला. "मी लेखी आणलंय. रडार खराब होतं, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नोकरी गेली तर जाऊ द्या. सरांचं नाव राहील."

विमलनं पदर तोंडाशी नेला. कल्याणीनं कागद दोनदा वाचला. त्यात सगळं होतं.

"आज सकाळी निघताना वहीत काय लिहिलंस?"

अवधूत सतरंजीची दशी ओढत राहिला.

"अवधूत."

"नॉर्मल."

"आता कोण आहे तिथं?"

"शालू. दोन महिने झालेत तिला लागून."

कल्याणीनं कागदाची घडी घालून त्याच्यासमोर ठेवली. वर त्याचाच मोबाइल ठेवला.

"हे सोमवारी देऊ. आधी तिथल्या मुख्य साहेबांना फोन लाव. रडार खराब आहे, विमानांमधलं अंतर वाढवा म्हणावं."

"आत्ता? दुपारची सगळी विमानं वर आहेत, ताई."

तिनं मोबाइल त्याच्याकडं सरकवला. अवधूतनं नंबर लावला. पलीकडं कुणीतरी फोन उचलला. शांत घरात तो आवाज तिघांनाही ऐकू आला: हॅलो. मग पुन्हा, जरा वैतागून, हॅलो.

अवधूत मोबाइल कानाला लावून बसला होता.